अणुवीज आणि धोक्याचा हिशेब

(कोकणातील कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री जेवणाच्या पंगतीत एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, “सर, अणुभट्टीत बिघाड झाला तर बटण दाबून ती बंद करता येते ना? मग लोक एवढे घाबरतात कशाला?” प्रश्न साधा होता आणि प्रामाणिकही होता. आजच्या भाषणाचे टिपण मी घरून करून आणले होते. ते बाजूला ठेवून या एका प्रश्नाचेच उत्तर द्यावे असे मी ठरवले आहे. कारण अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेचा सारा विषय या प्रश्नात सामावलेला आहे.

मी पदार्थविज्ञानाचा माणूस नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तथापि धोका कोण निर्माण करतो, तो कोणाच्या अंगावर पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न अर्थशास्त्राच्याच अंगणातले आहेत. ते नीट विचारायचे तर यंत्राची निदान तोंडओळख हवी. जी वस्तू कशी चालते हे आपल्याला ठाऊक नाही तिच्याविषयी सभेत बोलू लागलो, तर समोरचा अधिकारी एका वाक्यात आपल्याला गप्प बसवतो. आणि त्यात चूक आपलीच असते.

अणुवीज केंद्र हे मुळात वाफेवर चालणारे वीज केंद्र आहे. चंद्रपूरला किंवा कोराडीला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, त्या वाफेने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. तारापूरला हेच घडते. फरक एवढाच की चुलीत कोळशाऐवजी युरेनियम असते. युरेनियमच्या एका विशिष्ट प्रकाराच्या, म्हणजे युरेनियम-२३५च्या अणुगर्भावर न्यूट्रॉन आदळला की तो गर्भ दुभंगतो, बरीच ऊर्जा बाहेर पडते आणि त्याबरोबर आणखी दोनतीन न्यूट्रॉन सुटतात. ते दुसऱ्या अणुगर्भांवर आदळतात, आणि अशी साखळी चालू राहते. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये या प्रकाराचे प्रमाण शेकडा ०.७ इतकेच असते. म्हणून एकतर ते प्रमाण शेकडा तीन ते पाचपर्यंत वाढवावे लागते, किंवा मग न्यूट्रॉन वाया जाऊ नयेत यासाठी जड पाणी वापरावे लागते. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन अमेरिकन भट्ट्या पहिल्या जातीच्या आहेत. रावतभाटा, कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार आणि गोव्याच्या सीमेपलीकडचे कैगा ही केंद्रे प्रामुख्याने दुसऱ्या जातीची.

साखळी ताब्यात ठेवण्यासाठी बोरॉन किंवा कॅडमियम यांसारखी न्यूट्रॉन गिळणारी द्रव्ये वापरतात. त्यांच्या कांड्या भट्टीत पूर्ण खाली सोडल्या की साखळी काही सेकंदांत तुटते. तेव्हा आमच्या तरुण मित्राचे म्हणणे इथपर्यंत अगदी बरोबर आहे. बटण असते, ते दाबता येते आणि दाबल्यावर साखळी थांबते. अणुबाँबसारखा स्फोट वीज केंद्रात होऊ शकत नाही, हेही इथेच स्पष्ट सांगतो. कारण ही भीती काही सभांतून विनाकारण पसरवली जाते.

पण साखळी थांबली म्हणजे उष्णता थांबली असे नाही. दुभंगलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनात साचलेले असतात ते स्वतः किरणोत्सारी असतात आणि त्यांच्या क्षयातून उष्णता निर्माण होत राहते. वीटभट्टी विझवली तरी चार दिवस धग राहते, ती साठलेली उष्णता असते. इथे मात्र बंद केलेल्या भट्टीत उष्णता नव्याने जन्म घेत असते, आणि ती थांबवणारे कोणतेही बटण माणसाला सापडलेले नाही. हजार मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता सुमारे तीन हजार मेगावॅटची असते. बंद केल्याच्या क्षणी तिचा शेकडा सहासात भाग, म्हणजे जवळजवळ दोनशे मेगावॅट, शिल्लक असतो. एका तासाने तो चाळीस-पंचेचाळीस मेगावॅटवर येतो आणि एका दिवसाने पंधराच्या आसपास. पंधरा हा आकडा लहान वाटेल. पण तेवढ्या उष्णतेने ताशी सुमारे वीस टन पाण्याची वाफ होते. उन्हाळ्यात आपल्या वाड्यांवर दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे दोन टँकर दर तासाला, बंद भट्टीत, नुसती ती थंड ठेवण्यासाठी! पाणी कमी पडले तर इंधनावरचे झिर्कोनियमचे वेष्टन तापून वाफेशी संयोग पावते, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि शेवटी इंधन वितळते. वापरून बाहेर काढलेले इंधनदेखील याच कारणाने वर्षानुवर्षे पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवावे लागते.

म्हणजे सुरक्षिततेचा खरा प्रश्न असा आहे की, भट्टी बंद झाल्यावरही पाणी आणि ते पाणी फिरवणारी वीज अखंड मिळत राहील याची हमी कोण देतो? वीज निर्माण करणारे केंद्र संकटाच्या घटकेला स्वतःच विजेचे याचक होते, ही या तंत्राची विलक्षण गोष्ट आहे. जगातील मोठ्या अपघातांकडे या दृष्टीने पाहिले तर ते वेगवेगळे न दिसता एकाच प्रश्नाची उत्तरे वाटू लागतात.

प्रथम आपल्याच देशातील घटना घेऊ, कारण तिची चर्चा फार थोडी झाली आहे. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. यंत्र हादरले, जनित्र थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा हायड्रोजन गळला आणि आग लागली. कर्मचाऱ्यांनी तत्काळ भट्टी बंद केली. पण आगीने विजेच्या तारा जाळल्या. नेहमीच्या आणि पर्यायी पुरवठ्याच्या तारा पुरेशा वेगळ्या नेलेल्या नसल्यामुळे पर्यायी पुरवठाही गेला. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि माणसांना तो सोडावा लागला. सुमारे सतरा तास केंद्र विजेविना होते. काही कर्मचारी अंधारात विजेऱ्या घेऊन वर चढले आणि साखळी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी चढवून भट्टी थंड ठेवली गेली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या रात्रीच्या माणसांना आपण सर्वांनी नमस्कार केला पाहिजे. मात्र त्यांचे धैर्य हे व्यवस्थेच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मानता येणार नाही. १९७५ साली अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्रात हवा कोठून गळते हे मेणबत्तीने पाहताना आग लागून तारा जळाल्या होत्या, आणि पर्यायी तारा वेगळ्या मार्गाने न्याव्यात हा धडा तेव्हाच जगाला मिळाला होता. अठरा वर्षांनी तोच धडा आपण पुन्हा शिकलो.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे एक झडप उघडी अडकून राहिली आणि तिच्यातून भट्टीतले पाणी जाऊ लागले. नियंत्रण फलकावरचा दिवा, झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला एवढेच दाखवत होता. ती प्रत्यक्षात बंद झाली की नाही हे दाखवत नव्हता. कर्मचाऱ्यांची समजूत झाली की भट्टीत पाणी जास्त झाले आहे, आणि आपोआप सुरू झालेला आपत्कालीन पुरवठा त्यांनीच कमी केला. भट्टीचा निम्मा गाभा वितळला. भक्कम कवचामुळे बाहेरची हानी टळली. हुकूम गेला म्हणजे काम झाले, असे मानणारी कचेरी आपण सर्वांनी पाहिली आहे. तोच दोष तिथे एका दिव्याच्या रूपाने बसवलेला होता.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलला जो प्रयोग चालू होता तो कशाचा होता हे पुष्कळांना माहीत नसते. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनित्रे सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात, थांबत चाललेल्या टर्बाइनच्या गतीवर पाण्याचे पंप चालवता येतील का, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच. त्या जातीच्या भट्टीत पाण्याची वाफ झाली की साखळी मंदावण्याऐवजी जोर धरते. शिवाय नियंत्रक कांड्यांची टोके ग्रॅफाइटची असल्यामुळे कांड्या खाली सोडल्याबरोबर प्रथम क्षणभर साखळी वाढत असे. म्हणजे बंद करण्याचे बटणच त्या रात्री घातक ठरले. कांड्यांचा हा दोष १९८३ साली लिथुआनियातील इग्नालिना केंद्रात लक्षात आला होता. तो दुरुस्त झाला नव्हता. स्फोटानंतर जवळच्या प्रिप्यात शहरातील सुमारे पन्नास हजार लोकांना हलवायला दीड दिवस लागला, आणि जगाला बातमी कळली ती २८ एप्रिलला स्वीडनमधील एका केंद्राच्या उपकरणांनी किरणोत्सर्ग टिपल्यावर. पुढे सुमारे साडेतीन लाख लोकांना घरे सोडावी लागली. दूध पिणाऱ्या मुलांच्या शरीरात किरणोत्सारी आयोडीन गेले आणि कंठग्रंथीच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण निर्माण झाले. त्या काळी समाजवादी म्हणवणाऱ्या एका राज्यात हे घडले. कारखाना राज्याच्या मालकीचा केला की तो लोकांचा होतो, या भाबड्या समजुतीला यापेक्षा कठोर उत्तर असू शकत नाही.

फुकुशिमाची कथा आपणांस ठाऊक आहे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बटणाने आपले काम चोख केले. नंतर सुमारे चौदा-पंधरा मीटर उंचीचे पाणी आले. केंद्राचे संरक्षण ५.७ मीटर लाटेच्या हिशेबाने आखलेले होते आणि बरीचशी डिझेल जनित्रे तळघरात होती. ती बुडाली, पंप थांबले आणि तिन्ही भट्ट्यांचे इंधन वितळले. पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते असा हिशेब कंपनीच्याच माणसांनी २००८ साली केला होता. त्यावर कृती झाली नव्हती. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ, ओनागावा नावाचे दुसरे केंद्र आहे. यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्याने फार पूर्वी आग्रह धरल्यामुळे ते समुद्रसपाटीपासून सुमारे चौदा मीटर उंचीवर बांधले होते. ते वाचले, इतकेच नव्हे, तर घरे वाहून गेलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या आवारात आसरा घेतला. समुद्र तोच, लाट तीच. निर्णय मात्र वेगळे होते. जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१२ साली हा अपघात मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला, तो उगाच नव्हे.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कारण कार्यकर्त्याने अर्धे सत्य सांगणे हा लोकांशी द्रोहच होय. फुकुशिमात किरणोत्सर्गाने झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे. स्थलांतराच्या हालअपेष्टांनी दगावलेले लोक मात्र दोन हजारांहून अधिक आहेत. कोळशाच्या धुराने दरवर्षी कितीतरी अधिक माणसे, गाजावाजा न होता मरतात. चंद्रपूरच्या राखेत राहणाऱ्या साथींना हे मी सांगायला नको. निर्माण केलेल्या विजेच्या प्रमाणात मृत्यू मोजले तर अणुवीज कोळशाहून खूपच सुरक्षित ठरते, आणि हवामानबदलाच्या या काळात तिच्यातून कार्बन जवळजवळ सुटत नाही याला वजन आहे. नव्या भट्ट्यांत सुधारणाही झाल्या आहेत. जैतापूरसाठी सुचवलेल्या फ्रेंच भट्टीत सुरक्षायंत्रणेचे चार स्वतंत्र संच, दुहेरी कवच आणि वितळलेले इंधन झेलणारी रचना आहे. पण ही सुरक्षितता फुकट मिळत नाही. त्याच जातीची फ्लामांव्हिल येथील भट्टी २००७ साली बांधायला घेतली, ती २०१२ साली पुरी व्हायची होती. जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३३० कोटी युरोंवरून १३०० कोटी युरोंच्या पुढे गेला.

इथे माझ्या विषयाला हात घालतो. अणुवीज उद्योगाचे म्हणणे असे असते की, मोठा अपघात होण्याची शक्यता अत्यल्प आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही त्यावर विचारील : शक्यता खरोखर नगण्य असेल तर तिचा विमाही स्वस्त असला पाहिजे, मग नुकसानभरपाईच्या जबाबदारीला कायद्याने मर्यादा घालून का घ्यावी लागते? १९५७ साली अमेरिकेत प्राइस-अँडरसन कायदा झाला, तो याचसाठी की मर्यादेविना खासगी कंपन्या या धंद्यात उतरायला तयार नव्हत्या. म्हणजे ज्यांना यंत्र आतून ठाऊक होते त्यांनीच आपला पैसा त्याच्या सुरक्षिततेवर लावण्याचे नाकारले. ज्यांना ते ठाऊक नव्हते, त्या शेजारच्या शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला मात्र आपले घरदार त्याच यंत्रावर लावावे लागते, आणि तेही न विचारता!

आपल्याकडे हा प्रश्न भोपाळच्या सावलीत आला. १९८४ साली वायुगळती झाली आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हजारो कुटुंबांचा संसार किती स्वस्तात मिटवला गेला हे त्या वेळी तरुण प्राध्यापक म्हणून मी वर्गात आकडे मांडून दाखवत असे. पोरे खाली मान घालून बसत. त्या आठवणीमुळेच २०१० सालच्या अणुदायित्व कायद्यात, सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून चालकाला वसुली करता येईल असे कलम आले. चालकाची मर्यादा तेव्हा १५०० कोटी रुपये होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा दायित्व कायदा दोन्ही रद्द केले. खासगी कंपन्यांना दार उघडले. सदोष पुरवठ्याबद्दलचे ते कलम गेले. करारात लिहिले असेल तरच, किंवा जाणूनबुजून नुकसान केले असेल तरच वसुली. मोठ्यातल्या मोठ्या भट्टीच्या चालकाचे दायित्व ३००० कोटींवर थांबते. नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा मिळाला ही स्वागतार्ह गोष्ट आहे. १९८३ पासून ते मंडळ ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांच्याच आधाराने उभे होते, आणि महालेखापालांनी २०१२ साली त्यावर नेमके बोट ठेवले होते.

पण आकडे ताडून पाहा. जपान सरकारने २०१६ साली फुकुशिमाच्या अपघाताचा एकूण खर्च साडेएकवीस लाख कोटी येन धरला. येनचा भाव अर्धा रुपया मानला तरी ही रक्कम दहा लाख कोटी रुपयांवर जाते. आपले तीन हजार कोटी म्हणजे तिचा तीनशेवा हिस्साही नव्हे. उरलेले कोण देणार? काही भाग सरकार, म्हणजे तुम्ही आम्ही. आणि बाकीचे ज्याचे घर गेले, बाग गेली, मासळीचा बाजार गेला तो स्वतः. जपानच्या कायद्यात चालकाचे दायित्व अमर्याद आहे. ती कंपनी बुडायला आली, तेव्हा राज्याला ती ताब्यात घ्यावी लागली. तरीदेखील कंपनीला आपल्या निष्काळजीपणाची किंमत निदान ताळेबंदात दिसली. दायित्वाची मर्यादा ही केवळ भरपाईची बाब नाही. ती सुरक्षिततेचीच बाब आहे. ज्याचे नुकसान तीन हजार कोटींवर थांबते, तो जनित्र तळघरातून टेकडीवर नेण्यासाठी किती खर्च करील? हिराई यांच्यासारखा अभियंता जेव्हा संचालकांसमोर उभा राहून जादा उंची मागतो, तेव्हा त्याच्या हातात देण्याजोगे सर्वांत प्रभावी शस्त्र म्हणजे अपघाताचा पुरता हिशेब. तो हिशेब कायद्यानेच छाटून टाकला, तर चांगल्या अभियंत्याचे बळ आपण कमी करतो.

कोणी म्हणेल की मर्यादा काढली तर कंपन्या येणार नाहीत आणि वीज महाग होईल. शक्य आहे. मग तसे उघडपणे सांगावे. ही स्वस्ताई यंत्राची नसून शेजाऱ्याने नकळत दिलेल्या अनुदानाची आहे, असे संसदेत मांडावे, दुसऱ्या वीजमार्गांच्या खऱ्या खर्चाशी ती ताडून पाहावी आणि मग देशाने ठरवावे. त्या निर्णयात अणुवीज टिकली तर टिको. मला आक्षेप आहे तो लपवलेल्या हिशेबाला.

साथींनो, जैतापूर परिसरातील माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांत आणि साखरी नाट्याच्या बंदरात आपण अनेक वर्षे सभा घेतल्या. १८ एप्रिल २०११ रोजी तेथे गोळीबारात एक मच्छीमार मेला. आजतागायत तेथे भट्टी उभी राहिलेली नाही. पण उद्या तेथे किंवा आणखी कुठे, सरकारी वा खासगी, प्रस्ताव येईल तेव्हा आपण काय विचारणार? माझी सूचना अशी की, ग्रामसभेच्या ठरावात हे प्रश्न लेखी घालावेत. बाहेरची वीज गेली तर किती तास, कशाच्या बळावर पाणी फिरेल? डिझेल जनित्रे आणि त्यांच्या तारा कोणत्या उंचीवर आणि किती वेगळ्या मार्गांनी आहेत? वापरलेले इंधन कोठे आणि किती वर्षे ठेवणार? आपत्कालीन योजना आपल्याकडे १६ किलोमीटरच्या परिघासाठी आखली जात आली आहे आणि फुकुशिमात वीस किलोमीटरपर्यंतची गावे रिकामी करावी लागली. तेव्हा पावसाळ्यात दरड कोसळलेल्या घाटाने माणसे कशी हलवणार, आणि होडी घेऊन समुद्रात गेलेल्यांना कोण व कसे कळवणार? आयोडीनच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेत का? कंत्राटी कामगाराला किती किरणोत्सर्ग लागला याची नोंद त्याच्या हातात मिळणार का? आणि शेवटी, आंब्याच्या बागेची, गलबताची, बुडालेल्या हंगामाची भरपाई कोण, किती दिवसांत देणार?

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी एका अणुवीज केंद्रावर गेलो होतो. तेथील एका अभियंत्याने आमच्या सगळ्या तांत्रिक प्रश्नांची उत्तरे फार आपुलकीने आणि न कंटाळता दिली. शेवटी एका मुलीने हा भरपाईचा प्रश्न विचारला. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “बाई, हा प्रश्न माझ्याकडचा नाही; तो तुम्ही बाहेर जाऊन विचारायचा आहे.” त्यांचे उत्तर मला अजून आठवते, कारण ते खरे होते. यंत्राची काळजी घेणारी माणसे आत आहेत. हिशेब मागण्याचे काम बाहेरच्यांचे, म्हणजे आपले आहे.

माझ्या तरुण मित्राला त्याचे उत्तर मिळाले असेल अशी आशा करतो.